75 केव्हीए ट्रान्सफॉर्मरपासून सेकंडरीचा (वीज बाहेर जाते त्या बाजूचा) ब्रेकर 6 मीटरवर चालेल का? (काम अमेरिकेतल्या कारखान्याचं, डिझाइन पुण्यातून, 480/208 व्होल्ट, डेल्टा-स्टार म्हणजे प्रायमरीची गुंडाळी त्रिकोणात, सेकंडरीची ताऱ्यासारखी जोडलेली)

चालेल. एनईसीच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत कोडच्या) कलम 240.21(सी)(6) मध्ये सेकंडरीच्या तारा ब्रेकरपर्यंत 25 फूट, म्हणजे साधारण 7.6 मीटर नेण्याची मुभा आहे. पण लांबी तारेची मोजा, ड्रॉइंगवरच्या सरळ रेषेची नव्हे. चढ-उतार, वळणं धरली की 6 मीटरचे सहज 8 होतात आणि मुभा संपते. तारा पाइपमधून नेऊन एकाच मेन ब्रेकरवर संपवा. प्रायमरीचा (वीज आत येते त्या बाजूचा) ब्रेकर या तारांचं रक्षण करतो असं मात्र समजू नका. डेल्टा-स्टारमध्ये सेकंडरीचा एक फेज न्यूट्रलला शॉर्ट झाला, तर प्रायमरीच्या लाइनमध्ये व्होल्टेजच्या गुणोत्तराने येणाऱ्या करंटच्या जेमतेम 58 टक्केच दिसतो. म्हणून हे अंतर इतकं जपायचं. आणखी एक, जे हमखास चुकतं: पूर्ण लोडचा करंट 208 अँपिअर, म्हणून 250 चा ब्रेकर घेतलात तर तारही किमान 250 अँपिअरची हवी. इतरत्र मिळणारी 'पुढच्या साइझचा ब्रेकर' (तारेच्या क्षमतेहून एक साइझ मोठा) ही सवलत सेकंडरीच्या तारांना नाही. फक्त साइटवर एनईसीची कोणती आवृत्ती लागू आहे ते क्लायंटकडून लेखी घ्या. भोसरी-चाकणच्या कामाला हा नियम लावू नका, तिथे आपले आयएस (भारतीय मानकं) आणि सीईएचे (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे) नियम बघावे लागतात.