जुनी होंडा सिटी (पेट्रोल) घ्यावी की फोक्सवॅगन व्हेंटो (डिझेल)?

महिन्याला पाचशे किलोमीटरच फिरणार असाल तर एवढी जुनी डिझेल गाडी घेऊ नका, असं माझं सरळ मत आहे. म्हणून सिटी. (माझ्याकडे याच पिढीची सिटी आहे, तेव्हा थोडा पक्षपात धरून वाचा.) पण तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला पेट्रोल-डिझेलपेक्षा जास्त खटकली, ती आधी सांगतो.

तुम्ही लिहिलंय की राहायला कोल्हापूरला, बजेट तीन लाख. सिटी 2012 ची, दुसऱ्या मालकाकडे, 82 हजार चाललेली. व्हेंटो 1.6 टीडीआय (हे तिचं डिझेल इंजिन) 2013 ची, एकहाती, 1 लाख 15 हजार चाललेली, सांगलीच्या डीलरकडे उभी, आतून-बाहेरून चकाचक आणि तरी सिटीपेक्षा स्वस्त.

सांगलीची एकहाती गाडी म्हणजे तिने ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 असे दोन्ही महापूर तिथेच काढलेले असू शकतात. ती उंचावरच्या गल्लीत सुरक्षित उभी असेलही. पण पाण्यात गेलेल्या सगळ्या गाड्या भंगारात जात नाहीत. धुऊन, सीट कव्हर बदलून बऱ्याच पुन्हा बाजारात येतात. त्यामुळे इंजिन ऐकायच्या आधी आतल्या बाजूला लागा. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग रोज हाताळला जातो, त्यामुळे स्वच्छ असतो. गुंडाळलेल्या भागावर गाळाची पिवळट रेघ राहते. सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्या लोखंडी पट्ट्यांवर आणि सीट जमिनीला धरणाऱ्या बोल्टांवर गंज दिसतो का बघा. पायाखालची मॅट नुसती उचलू नका, कार्पेटची कड सोडवून खालचा फोम दाबा. डिकीत स्टेपनीखालचा खड्डा बघा. काचा बंद करून दहा मिनिटं एसी लावून बसा, कुबट वास आला की उठा. भरमसाट परफ्यूम मारलेला असेल तरी मी उठेन. ओल्या झालेल्या वायरिंगचा त्रास लगेच दिसत नाही, वर्षभराने कधी पॉवर विंडो, कधी एबीएसचा दिवा असा एकेक सुरू होतो. विमा कंपनीकडे जुन्या क्लेमची चौकशीही करायला लावा.

आता हिशेब. शहरात सिटीचा ॲव्हरेज 13 आणि व्हेंटोचा 17 धरू, पेट्रोल 104 रुपये, डिझेल 91. पाचशे किलोमीटरला सिटी साधारण चार हजारांचं पेट्रोल खाते, व्हेंटो पावणेतीन हजारांच्या आत भागवते. वर्षाला सोळा हजारांची बचत झाली. चांगली रक्कम आहे, नाकारत नाही. पण या टीडीआयला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) आहे, आणि लाख किलोमीटरच्या आसपास तो वॉटर पंपासकट बदलावा लागतो. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा, कारण चालत्या गाडीत तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन खोलावं लागतं. त्यापुढे इंजेक्टर, टर्बो आणि क्लच रांगेत आहेतच. यातलं एक काम निघालं तरी दोन वर्षांची बचत गेली. शिवाय गावातल्या गावात चालणाऱ्या डिझेल गाडीचा ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरतो. सिटीच्या इंजिनात टायमिंग चेन आहे, तिचा असा ठरलेला खर्च नाही.

चालवायला मात्र व्हेंटो सरस आहे, हे सिटीवाला असूनही सांगतो. कागदावर ताकदीने सिटी 118 पीएसची आणि व्हेंटो 105 ची, पण आंबा घाटात कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. व्हेंटोचे 250 न्यूटन मीटर दीड हजार आरपीएमलाच मिळतात. सिटीचे 146 साडेचार हजारांच्या पुढे. चार माणसं आणि सामान घेऊन चढताना सिटीत सारखा दुसरा गिअर टाकावा लागतो, आणि भरलेली गाडी स्पीडब्रेकरला पोटातून घासते. तुम्ही वर्षातून दोनदा रत्नागिरीला जाणार, तेवढ्यापुरतं हे चालून जाईल. तुमचं फिरणं महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर असतं तर मी व्हेंटोच सांगितली असती.

सिटीत बघायचं ते थोडं. सस्पेन्शनमध्ये खालच्या आर्मचे बुश आणि लिंक रॉडचा खडखडाट, मग एसी. आणि एअरबॅग, हे विसरू नका. त्या काळातल्या सिटींमध्ये ताकाता कंपनीचे इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) होते. उष्णतेने आणि दमटपणाने ते खराब होतात आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. होंडाने ते मोफत बदलून दिले, पण दुसऱ्या मालकापर्यंत निरोप पोचलाच असेल असं नाही. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकला की काम बाकी आहे का कळतं. बाकी असेल तर आधी ते, मग घाट.

82 हजार हा आकडा खरा आहे का, ते सर्व्हिसच्या नोंदींवरून पडताळा. मीटर मागे करणं अवघड राहिलेलं नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर कमी, हे जुळत नाही.

भाव करताना एक मुद्दा तुमच्या बाजूने आहे. सिटीच्या नोंदणीची पंधरा वर्षं 2027 मध्ये भरतात. त्यानंतर फिटनेस काढून पुन्हा पाच वर्षांचं पासिंग होतं, पण त्याची फी केंद्राने एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 केली, वर पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भावातून कमी करून मागा. दोन्ही गाड्या एप्रिल 2019 च्या आधीच्या, म्हणजे एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षित) नंबर प्लेट बसवलेली हवी. थकलेले ई-चलन आणि आरसीवरचा बँकेचा बोजा ऑनलाइन बघून घ्या. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका; गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच वेळी घ्या. विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करावा लागतो. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे डीलर सांगतो तेवढ्या हप्त्यावर जाऊ नका, तुमच्या नावाने कोटेशन काढा.

आणि सिटी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, म्हणजे थंड इंजिन कसं सुरू होतं ते कळेल.