वडिलांची कंबर धरली आहे, एमआरआयमध्ये गादी सरकल्याचे आले आहे. कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटका देऊन मणक्यावर उपचार करणाऱ्याकडे) न्यावे का?

नेता येईल. पण पॅकेजचे पैसे आधी भरू नका, आणि दुखणं कंबरेचं असताना मानेला झटका देऊ देऊ नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: आप्पांचं वय ५८, रावेरकडे केळीची बाग, तीन आठवड्यांपूर्वी घड उचलताना कंबरेत कळ आली. आता डाव्या पोटरीपर्यंत मुंग्या येतात. एमआरआयच्या रिपोर्टात एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली, गादी फुगल्याचं लिहिलंय, डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलंय. तुम्ही कडकड आवाजाचे रील पाहिले, पुण्यातल्या एका सेंटरला फोन केला आणि त्यांनी बारा सिटिंगचं पॅकेज सांगितलं. मी जळगाव जिल्ह्यातच फिजिओथेरपी करतो. केळी भरणारे मजूर, कापूस वेचणाऱ्या बाया, भुसावळचे रेल्वेवाले हेच माझे पेशंट, त्यामुळे आप्पांसारखी कंबर मला नवी नाही.

मला खटकलं ते हे की पॅकेज फोनवर ठरलं. पेशंटला पाहिलं नाही, पाय उचलून बघितला नाही, आणि बारा सिटिंग लागणार हे कळलं कसं? चांगल्या कायरोप्रॅक्टरचं निम्मं काम तपासणीतच असतं. कुणाला झटका द्यायचा नाही हे त्याला नीट कळलं पाहिजे. रीलमध्ये नेमका तोच भाग कापलेला असतो.

ही तपासणी कशी असते ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तिथे बसून ओळखता येईल. पहिला प्रश्न असा की हे साधं कंबरदुखीच आहे ना? आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो. संध्याकाळी बारीक ताप, घटलेलं वजन, पडून राहिलं तरी न थांबणारी रात्रीची वेदना असेल तर आधी रक्त आणि छातीचा फोटो, बाकी सगळं नंतर. पूर्वी कॅन्सर झाला होता का, पडणं-आपटणं झालं का, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलंय का हेही विचारलं गेलं पाहिजे. पुडीतून मिळणारं ‘देशी’ औषध आप्पा घेत असतील तर तेही सांगा, कारण त्यात काय घातलेलं असतं ते देणारा सांगत नाही. हाडं ठिसूळ असतील तर झटका देणं म्हणजे मणका मोडायला आमंत्रण.

मग नस. उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये तीच पोटरीपर्यंतची कळ उठली तर नसेवर ताण आहे असं धरतात. उजवा पाय उचलल्यावर डाव्यात कळ गेली तर शंका आणखी पक्की होते. आप्पांना टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतील, पायाचा अंगठा वर ओढायला सांगून त्याची ताकद पाहतील, गुडघ्याखाली आणि घोट्याच्या मागे हातोडी मारतील, टाचणी किंवा कापूस फिरवून संवेदना बघतील. याला यंत्र लागत नाही, वेळ लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे दुखणं कशामुळे लांबतंय. झोप नीट आहे का, माणूस घाबरून दिवसभर खाटेवर पडून आहे का, की मजूर मिळत नाहीत म्हणून दुखत्या कंबरेने घड वाहतोच आहे? आमच्या भागात बहुतेक वेळा शेवटचंच असतं.

रिपोर्टात लिहिलंय त्याने घाबरून जाऊ नका. अजिबात कंबरदुखी नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा २०१५ साली एकत्रित अभ्यास झाला. पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, ८० टक्क्यांच्या गाद्यांत झीज होती. या लोकांना कंबर दुखत नव्हती! म्हणून रिपोर्ट आणि तपासणी जुळली तरच रिपोर्टाला अर्थ. आप्पांच्या डाव्या पायाची लक्षणं त्या नसेशी जुळतात का, हे हातोडी आणि टाचणी सांगेल. गादी बाहेर आलेली असली तरी पुष्कळांच्या बाबतीत शरीर ती हळूहळू जिरवतं, आणि पायात उतरलेली वेदना सहा ते बारा आठवड्यांत बऱ्यापैकी उतरते.

आता त्या ‘कडक्’ आवाजाबद्दल. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात डी. डी. पामर या माणसाने १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावी केली. मणका जागेवरून सरकला की नसांतला प्रवाह अडतो आणि त्यातून बहुतेक रोग होतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेनेच २०१० साली ही कल्पना इतिहासजमा मानली. आवाज येतो तो सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते म्हणून. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय चालू ठेवून बोटं मोडताना हे पाहिलं. हाड ‘जागेवर बसल्याचा’ तो आवाज नव्हे, आणि आवाज मोठा म्हणजे गुण जास्त असंही नाही.

मग उपयोग शून्य का? तसंही नाही. नव्या कंबरदुखीत अशा उपचाराने पहिल्या काही आठवड्यांत थोडा आराम पडतो. जुन्या कंबरदुखीत तो व्यायामाइतकाच किंवा इतर मान्य उपचारांइतकाच चालतो, त्यांच्या पुढे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, समजावून सांगणं यांच्याबरोबर मणक्यावरच्या हाताच्या उपचारालाही जागा आहे. त्याच सूचनांत ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक, सोनोग्राफी नव्हे) आणि कंबरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात नको म्हटलंय. आमच्याच धंद्यातले लोक यावर रागावतील, कारण गावोगावच्या निम्म्या क्लिनिकांचा दिवस याच तीन गोष्टींवर चालतो. तेव्हा नुसत्या कायरोप्रॅक्टरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र पायात उतरलेल्या वेदनेसाठी झटक्याचा पुरावा साध्या कंबरदुखीपेक्षा कच्चा आहे, आणि ताकद कमी होत चालली असेल तर तो देऊच नये.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाची लाथ खायची पद्धत होती. लाथ बसली आणि चार-आठ दिवसांत माणूस उभा राहिला, की श्रेय पायाळूला. उसण मुळात तेवढ्याच दिवसांत बरी होते. बारा सिटिंगचं पॅकेज दीड-दोन महिने चालतं, आणि आप्पांसारख्यांचं दुखणंही साधारण तेवढ्याच काळात उतरतं.

मानेचं वेगळं सांगतो. मानेला जोरात पिळा दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हे फार क्वचित होतं, आणि धमनी आधीच फाटल्यामुळे मान दुखत होती म्हणून माणूस तिथे गेला, असंही असू शकतं. तरीही कंबरेसाठी आलेल्या माणसाच्या मानेला झटका देणं मला पटत नाही.

कोणाकडे न्यायचं? भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी वेगळी सरकारी परिषद नाही. त्यामुळे समोरचा चार वर्षं परदेशात शिकून आलाय की दोन दिवसांच्या वर्कशॉपला बसून आलाय, हे भिंतीवरच्या फ्रेमवरून कळत नाही, स्पष्ट विचारावं लागतं. फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्राच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. आणि रावेरहून पुण्याला आठ-दहा तास गाडीत बसवून न्यायचं, वर झटका द्यायचा, पुन्हा तितकेच तास परत आणायचं, यात मला तरी शहाणपण दिसत नाही. जवळ नीट तपासणारा कोणी असेल तर त्याला दोन-तीन आठवडे द्या. तेवढ्यात फरक नसेल तर त्याने स्वतः उपचार बदलला पाहिजे.

तोवर घरी हे करा. आप्पांना झोपवून ठेवू नका. घराच्या अंगणात, बांधावर दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालू द्या. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलून एक-दोन मिनिटं राहून बघा. मुंग्या पोटरीतून वर सरकून मांडीत, ढुंगणात आल्या तर रोज करा. खाली पावलाकडे गेल्या तर बंद. शेक चालेल. वेदनाशामक गोळ्या बीपी, किडनी किंवा ॲसिडिटी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन वळणं महिनाभर नाही, त्यानंतर आधी हलकी कामं. ट्रॅक्टरची सीट मात्र सगळ्यात उशिरा.

लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या आतली, बसण्याच्या जागेची कातडी बधिर झाली, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर रात्र असली तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या. जळगावचं किंवा धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज चालेल. पंजा नुसता घसटायला लागला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मणक्याच्या सर्जनला दाखवा. यातलं काही नसेल आणि तरी सहा आठवड्यांत पायाची वेदना हलली नाही, तर रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा.