कार्टून आणि कार्टनचा खोका

प्रश्न असा आहे: 'कार्टून' आणि सामानाचं 'कार्टन' यांचं काही नातं आहे का, आणि मराठीत व्यंगचित्र म्हणायचं की व्यंग्यचित्र?

नातं आहे, अगदी सख्खं. दोघांची आई इटालियन 'कार्तोने', म्हणजे मोठा जाड कागद. कोशकार एवढं सांगून दुकान बंद करतात. पण हा जाडा कागद विनोदी कधी झाला?

आधी तक्रार. परवाच एका व्याख्यानात 'गिलरेची अठराव्या शतकातली कार्टून्स' असं ऐकलं. अहो, या इंग्रज चित्रकाराने, गिलरेने, जन्मात कार्टून काढलं नाही! त्याची ती कॅरिकेचर, म्हणजे नाक-डोळे फुगवून काढलेली टवाळ चित्रं. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्रीबाईंच्या दुकानात ती सुटी, हाताने रंगवून विकायला असत. 'कार्टून' म्हणजे तेव्हा जाड कागदावरचं मोठं कच्चं चित्र; ते म्हटल्यावर तेव्हाच्या जाणकाराला इटालियन चित्रकार राफाएल आठवला असता. त्याने पडदे विणायला काढून दिलेले सात अजस्र कागद आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

मग 1834 साली पार्लमेंट जळालं. नव्या इमारतीच्या भिंतींवर कोणती चित्रं काढायची याची स्पर्धा लागली, आणि 1843 मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्या कच्च्या चित्रांचं, म्हणजेच कार्टूनांचं, प्रदर्शन भरलं. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाला आयतंच सापडलं. 15 जुलैच्या अंकात जॉन लीचने फाटक्या कपड्यांतली उपाशी माणसं चित्रं बघायला उभी केली आणि वर लिहिलं, 'कार्टून क्रमांक 1'. गरिबांनी भाकरी मागितली, सरकारने प्रदर्शन दिलं, हा टोमणा. टोमणा लोक विसरले, नाव चिकटलं. गंमत म्हणजे 'पंच'वाले स्वतः आठवड्याच्या त्या मोठ्या चित्राला 'बिग कट' म्हणत, कारण ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलेलं असे. 1890 च्या 'कॉमिक कट्स' या विनोदी साप्ताहिकाच्या नावातला 'कट' तोच.

आता माझं लाडकं प्रकरण. असला कागद भिंतीवर कसा उतरवत? रेघांवर टोचून भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची. आमची आजी भरतकामाची नक्षी अशीच छापायची: भोकांचा कागद, त्यावर रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा. कागद उचलला की उशीच्या अभ्र्यावर निळ्या ठिपक्यांचा मोर! आपल्याकडचे दरबारी चित्रकार अशा चित्राला 'खाका' म्हणत. खाक म्हणजे धूळ. (हात वर केल्यावर दिसतात त्या खाका वेगळ्या.) आणि उर्दूत 'खाका उडाना' म्हणजे काय? टर उडवणं! इकडे लखनौ, तिकडे लंडन, आणि दोन्हीकडे भोकांचा कागद टवाळीवर उतरला. माझे एक विद्वान स्नेही याला योगायोग म्हणतात. त्यांना 'कार्टून' हा शब्द 'कार्ट्या'वरून आलाय असंही एकदा वाटलं होतं, त्यामुळे मी ते मनावर घेत नाही.

हो, व्यंग की व्यंग्य राहिलंच. कॅरिकेचरचं मूळ 'ओझं लादणं', म्हणजे नाकावर नाक चढवणं. तिथे व्यंग, म्हणजे वैगुण्य, चालेल. लीचचा टोमणा चित्रात शोधून सापडत नाही, तो पलीकडे वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आहे. तिथे व्यंग्य, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, लिहा.