गावभेट म्हणजे फक्त पीएसएमचं काम?

प्रश्न : आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात कुटुंब दत्तक योजनेची (एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं घेऊन त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं) गावभेट ठरली की मेडिसिन-सर्जरीचे सहकारी 'ते पीएसएमवाल्यांचं' (म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाचं) म्हणत अंग काढून घेतात. त्यांना कसं वळवावं?

उत्तर : त्यांचा विरोध बहुधा तत्त्वाला नसतो. 2022पासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे किमान 3 कुटुंबं आली, पण शिक्षकाचा वॉर्ड-ओपीडीचा भार तेवढाच राहिला. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजतात, गावातले दिवस नाहीत. तेव्हा व्याख्यानं नकोत, त्यांच्याच विषयाचं नेमकं काम द्या. मेडिसिनच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना गावकऱ्यांच्या घरी रक्तदाब नीट मोजायला शिकवावं: 5 मिनिटं शांत बसवून, दंडाला बसेल असा कफ, मिनिटाच्या अंतराने दोनदा. दाब वाढलेला असला तर चिठ्ठी त्याच शिक्षकाच्या ओपीडीच्या दिवसाची द्या. आपण पाठवलेला रुग्ण समोर बसला की गोडी लागते. पुढे काय झालं, हे विद्यार्थ्याने पुढच्या भेटीत विचारायचंच. बहुतेक ठिकाणी साखळी इथेच तुटते, मग गावकरी दारात उभं करत नाहीत आणि शिक्षकही म्हणतात, 'बघा, फॉर्म भरण्यापलीकडे काय झालं?' (तेव्हा त्यांचं खरंच असतं.)

दंत महाविद्यालयाच्या गावभेटीचं दुखणं वेगळं. 30 तोंडं तपासायची तर 30 निर्जंतुक आरसे आणि प्रोब (दात तपासायच्या बारीक सळया) हवेत. 12च नेले तर 13व्या माणसापाशी काम थांबतं. शिवाय सोयाबीन काढणीच्या दिवसांत सकाळी 10 वाजता घरी कोण भेटणार? बस संध्याकाळी काढा.