राज्यशास्त्र की बीएमएस? वहीचं शेवटचं पान

“मॅडम, राज्यशास्त्र घेऊन पुढे करणार काय ही?”

बारावीनंतर कोर्स निवडायला मुलांना मदत करणं हे माझं काम, आणि निकाल लागल्यापासून जुलै संपेपर्यंत हा प्रश्न येत राहतो. विचारतात बहुतेक वेळा आईबाप. मूल शेजारी बसून मोबाइलच्या कव्हरचा कोपरा सोलत असतं. दुसऱ्या पारड्यात बीएमएस, बीबीए नाहीतर ‘मॅनेजमेंटचं काहीतरी’ असतं, आणि ते सुचवणारा मामा हमखास डोंबिवली नाहीतर विरारला राहणारा.

खाली दिलेली हकिगत दोन-तीन घरांची मिळून एक केली आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चार भेटी झाल्या, त्यातलं कामाचं तेवढंच सांगते.

दापोली तालुक्यातल्या बंदरावरचं घर. बापाची स्वतःची नौका, कर्जाची. मुलगी बारावी कॉमर्स, ७१ टक्के. आई कमी बोलणारी, पण सगळं टिपणारी. बाबा पहिल्या भेटीलाच आले, कारण जून होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका वर ओढून झाकून ठेवलेली. आमच्याकडे ॲडमिशन आणि बंदी एकाच वेळी येते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. फी भरायची ती नेमकी घरात पैसा येणं थांबलेलं असताना. त्यामुळे मच्छीमाराच्या घरात ‘कुठला कोर्स’ या प्रश्नाच्या पोटात ‘आत्ता किती भरायचे’ हा प्रश्न असतोच. तो आधी टेबलावर घ्यावा, नाहीतर पुढचं सगळं बोलणं हवेत जातं.

म्हणून पहिल्या भेटीत आवडीनिवडीचं काही काढलंच नाही. कागद काढले.

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए, बीबीएम यांना राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, लागते. तिचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो, आणि गावाकडची अर्धी मुलं तिथेच चुकतात. ही पण चुकली होती. पण त्याच वर्षापासून काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज अशा नावाने सीईटीबाहेर ठेवला आहे. वर्ग तेच, सरही बहुतेक तेच. पदवीवर छापलेलं नाव वेगळं. पुढे एमबीएला त्याने अडत नाही, तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, खुल्या गटाला ५० टक्के हवेत. फीच्या बाबतीत मात्र फरक पडू शकतो. केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, २०२४ पासून फीमाफी आहे. नाव बदललेला, सीईटीबाहेरचा कोर्स त्यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारायचं. भरल्यावर विचारलं तर ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकायची तयारी ठेवायची.

राज्यशास्त्राच्या बीएला असलं काही नाही. बारावीच्या गुणांवर प्रवेश, फी बरीच कमी.

“म्हणजे स्वस्त आहे म्हणून घ्यायचं?” बाबा.

“नाही. महाग आहे म्हणून चांगलं असेल, असं धरायचं नाही, एवढंच.”

दुसऱ्या भेटीत बाबांची खरी भीती बाहेर आली. राज्यशास्त्र म्हणजे राजकारण, राजकारण म्हणजे पक्षाच्या पोरांबरोबर हिंडणं, आणि मुलीच्या जातीला ते नको. ही गल्लत इतकी पक्की आहे की मी आता वाद घालत नाही, आपल्याच पट्ट्यातली माणसं समोर ठेवते. राजापूर मतदारसंघातून १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षं लोकसभेत राहिलेले मधु दंडवते कॉलेजात शिकवायचे भौतिकशास्त्र. पुढे रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. गुहागरजवळच्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि इंग्रजांच्या काळातल्या कायदेमंडळात, कौन्सिलात, अर्थसंकल्पावर बोलायचे. आणि ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेबांची मुंबई विद्यापीठाची १९१२ची बीए अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या दोन विषयांची होती. पुढारी व्हायला राज्यशास्त्र लागत नाही, आणि राज्यशास्त्र शिकून कोणी पुढारी होत नाही. त्या वर्गात राज्यघटना, लोकप्रशासन, राजकीय विचार, आंतरराष्ट्रीय संबंध असं शिकवतात. वाचन भरपूर, आणि परीक्षेला सलग चार-चार पानं लिहायची. हात दुखतो, हाच त्यातला काय तो धोका.

बाबा हसले. मुलगी हसली नाही. तिची अडचण वेगळीच होती.

“मॅडम, मला दोन्ही जमेल असं वाटतं. म्हणूनच कळत नाही.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. ७० टक्क्यांच्या मुलाला दोन्ही जमतं. त्यामुळे ‘तुला काय जमतं’ हा प्रश्न इथे निरुपयोगी. ‘तुला काय आवडतं’ हा त्याहून निरुपयोगी, कारण सतराव्या वर्षी आवड म्हणजे पुष्कळदा आवडत्या शिक्षकाचं नाव असतं. कल-चाचण्यांवर माझा फार भर नाही, हेही सांगून टाकते. मूल कागदावर काय टिक करतं त्यापेक्षा कोणी न सांगता काय करतं, ते मला पाहायचं असतं.

नौकेचा हिशेब कोण लिहितं, असं मी सहज विचारलं. बाबांनी मुलीकडे बोट केलं. नववीपासून तीच लिहीत होती. म्हटलं, पुढच्या वेळी वही घेऊन ये.

तिसऱ्या भेटीला वही आली. लांबट, पुठ्ठ्याची, कोपऱ्याला डिझेलचा वास. तिने एका फेरीचं पान उघडलं आणि मला समजावलं: डिझेल ६०० लिटर, ५५ हजार. बर्फ ४ टन, १० हजार. राशन-पाणी ८ हजार, किरकोळ ४ हजार. एकूण ७७ हजार. मग लिलावात काय गेलं ते. आधी विक्रीतून खर्च वजा, मग उरलेल्यात नौकेचा वाटा आणि तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) व खलाशांचे वाटे. चार मिनिटांत सांगून झालं, कुठे अडखळली नाही. बाबांच्या चेहऱ्यावर ‘बघा, झालं ना सिद्ध’ असं स्वच्छ लिहिलेलं.

मी विचारलं, “या फेरीत खर्च निघायला किती माल लागला असता?”

“सरासरी ११० रुपये किलो धरला तर... ७०० किलो.” तोंडी. आणि वही मिटली.

इथे थांबायला हवं, कारण पाहण्यासारखं ते हेच. उत्तर बरोबर होतं, पण अर्धं होतं. जाळ्याची दुरुस्ती त्या ७७ हजारांत नाही. कर्जाचा हप्ता नाही. ११०चा भाव लिलावाच्या दिवशी ९० झाला तर ७०० किलोचे साडेआठशेच्या वर जातात. व्यवसायाची ओढ असलेलं मूल या जागी वही मिटत नाही. माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, तोंडात सतत राजकारण, पण त्याला आकड्यांपुढे बसवलं तर ‘बर्फ एक टन जास्त नेला तर तिसऱ्या दिवशीचा माल किती वाचेल’ इथपर्यंत स्वतःहून गेला. गावच्या क्रिकेट स्पर्धेचे स्पॉन्सर त्यानेच आणलेले, मंडपवाल्याशी घासाघीसही त्यानेच केलेली. त्याला वाटत होतं ती पुढारीपणाची हौस. होती ती धंद्याची नजर. तो बीएमएसला गेला आणि बरोबर गेला.

हिने मात्र सांगितलेलं काम चोख केलं आणि मिटवलं.

“या वहीत तुला न पटणारं काही आहे?” मी विचारलं.

ती जरा थांबली. मग वही उलटी करून शेवटचं पान उघडलं. तिथे पेन्सिलीने आखलेला तक्ता. डिझेल परतावा. मच्छीमारांना डिझेलवरच्या कराची रक्कम सहकारी संस्थेमार्फत परत मिळते, त्याचा. अर्ज दिल्याची तारीख, रक्कम, जोडलेले कागद, जमा झाल्याची तारीख. सात ओळी. शेवटच्या रकान्यातल्या चार जागा कोऱ्या.

“हे तुला कोणी लिहायला सांगितलं?”

“कोणी नाही.”

बाबांनी ते पान पहिल्यांदाच पाहिलं होतं.

त्यानंतर ती जी बोलत सुटली! अर्ज आधी संस्थेत जातो, तिथून मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात, आणि वरून अनुदान आलं की वाटप. मग फाइल नक्की कुठे थांबते? परवान्याचं नूतनीकरण राहिलं म्हणून थांबते, की पैसाच आलेला नसतो? शेजारच्याचा आधी जमा झाला तो कुठल्या क्रमाने? बाबांबरोबर गेली तेव्हा तिथल्या फलकावरून तिने तीन गोष्टी उतरवून आणल्या होत्या. आवाज बदलला होता, हात चालत होते, मोबाइलचं कव्हर विसरली होती.

सांगून केलेलं काम पुढच्या पानांवर होतं, न सांगता केलेलं मागच्या. इतकी वर्षं मुलांच्या वह्या पाहून मी याच खुणेवर आले आहे, आणि तिने मला अजून फारसा दगा दिलेला नाही. कौशल्य पुढच्या पानांवर असतं. कुतूहल कुठेतरी मागे, पेन्सिलीने.

तरी एका दुपारच्या उत्साहावर तीन वर्षं लावू नयेत. मी तिला आठवड्यासाठी दोन कामं दिली. घरीही करता येण्यासारखी आहेत. एक, मागच्या हंगामातल्या दहा फेऱ्यांचा नफा-तोटा मांडायचा, या वेळी जाळं आणि हप्ता धरून. दोन, परताव्याच्या त्या चार कोऱ्या जागांवर माहिती अधिकाराचा अर्ज लिहायचा. महाराष्ट्रात त्याला नियम आहेत: एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तराला ३० दिवस. ‘का दिला नाही’ असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण कायदा माहिती देतो, खुलासा देत नाही. ‘अमुक तारखेच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी’ असं मागावं लागतं. कामं कशी केली याइतकंच मला हे पाहायचं होतं की ती कुठल्या कामाकडे पुन्हा वळते.

चौथ्या भेटीला नफा-तोटा एका संध्याकाळचा, नीटनेटका. अर्जाचे पाच मसुदे. पहिला ३२० शब्दांचा, रागावलेला. पाचवा ११८ शब्दांचा, थंड डोक्याचा.

आईने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. “पण हिशेबात हुशार आहे ती. ते फुकट जाणार का?”

प्रश्न मोलाचा होता, आणि त्यालाच सर्वांत जास्त वेळ दिला. फुकट जायचं कारण नाही. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत, म्हणजे आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातही, २०२४-२५ पासून नवी रचना आहे. सेमिस्टरला २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२, चौथं ऑनर्सचं वर्ष घेतलं तर १७६. मेजर म्हणजे मुख्य विषय एक, जोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय, आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, दुसऱ्या शाखेतलं. राज्यशास्त्र मेजर, अर्थशास्त्र मायनर, इलेक्टिव्हला कॉमर्सचं काही, अशी बांधणी हिच्यासाठी चपखल. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा येतो, त्यातला ठरावीक भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो. तो कुठे गेला हे वाचायला राज्यघटनाही लागते आणि ताळेबंदही. फक्त मायनरला काय काय मिळतं हे कॉलेजागणिक बदलतं. लहान कॉलेजात एखादाच पर्याय असतो. माहितीपुस्तिकेत छापलेलं आणि प्रत्यक्ष वर्ग भरणारं यात अंतर असतं, म्हणून विभागात जाऊन सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारायचं. कोर्स बदलायची मुभाही कागदावर आहे, पण ती समोर रिकामी जागा असली तरच.

नोकरीचं मी गोड करून सांगितलं नाही. राज्यशास्त्राच्या बीएला कॅम्पसवर कोणी न्यायला येत नाही. त्यापुढे काहीतरी लागतंच: तीन वर्षांचं लॉ, त्याची वेगळी सीईटी, किंवा एमए आणि प्राध्यापकीसाठी सेट-नेट, किंवा स्पर्धा परीक्षा. यूपीएससीला कुठलीही पदवी चालते, वयाची २१ पूर्ण लागतात. मुख्य परीक्षेच्या १७५० पैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाचे, त्यात राज्यशास्त्र आहे तसं व्यवस्थापनही आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्यही २०२५ पासून लेखी, वर्णनात्मक झाली, तेव्हा चार पानं लिहायची सवय कामाला येईल. पण फक्त परीक्षेच्या भरवशावर कोणी राज्यशास्त्र घेत असेल तर मी अडवते. बीएमएसवाल्यालाही पहिली नोकरी बहुधा विक्रीचीच मिळते, बँकेचं कार्ड नाहीतर विमा, आणि तीही मुंबई-पुण्याला. हे मामा सांगत नाही.

बाबा बराच वेळ पाचवा मसुदा वाचत होते. मग म्हणाले, “बाय, नौका माझ्या नावावर. सही माझी लागेल ना?”

“नाही लागत, बाबा. कुठल्याही नागरिकाला अर्ज करता येतो. माझ्याच नावाने जाऊ दे.”

त्यांनी कागद घडी करून तिला परत दिला आणि शर्टाच्या खिशातून दहाची नोट काढली.

“तिकीट मी आणतो.”