तापला की गिअर सुटतोय

प्रश्न : दादा, मी गेवराईकडचा. जुना ऑटोमॅटिक पिकअप घेतलाय सेकंडहँड, सकाळी झकास चालतो पण सोयाबीन भरून मांजरसुंब्याच्या घाटात तापला की इंजिन नुसतं गरजतं अन् गाडी काही ओढत नाही. मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स खोला. काय करू?

उत्तर : भाऊ, खोलायची घाई नको. गार असताना बरा अन् तापल्यावर स्लिप म्हंजी आधी गिअरबॉक्सच्या ऑइलवर संशय घ्या, कारण ऑटोमॅटिकमधे आतल्या क्लच प्लेटा ऑइलच्या प्रेशरनंच दाबल्या जातात, ऑइल कमी असलं नाहीतर तापून लई पातळ झालं की प्रेशर पडतं अन् प्लेटा घसरतात. गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असंल तर सपाट जागी, गाडी गरम, इंजिन चालू ठेवून बघा (बहुतेक गाड्यांत बंद करून बघितलं तर चुकीचं दिसतं, पण काही गाड्यांत इंजिन बंद करूनच बघायचं असतं, म्हणून गाडीचं पुस्तक बघा). लाल असंल तर ठीक, काळपट अन् जळका वास म्हंजी प्लेटा जळाल्यात, गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधून पाणी शिरलंय, मग गाडी हलवूच नका. ऑइल पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या) मॅग्नेटवर बारीक करडा लगदा चालतो, धातूचे तुकडे निघाले तर मात्र मिस्त्री बरोबर. गिअरबॉक्सचं ऑइल गार करणाऱ्या कूलरच्या जाळीत भुसा अडकलाय का तेबी बघा. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) लावून घ्या, पण नुसता पी०७०० कोड आला तर त्याचा अर्थ ट्रान्समिशनमधे (गिअरबॉक्समधे) काहीतरी बिघाड नोंदलाय एवढाच, खरा कोड पुढं शोधायला सांगा. तवर घाटात लोड नेऊ नका.