तुमचा प्रश्न असा: धाकट्या भावाला २००२ ची होंडा सिटी घेऊन वर लाखभर रुपये खर्च करायचेत. जुन्या जपानी गाड्यांचा लोकांना एवढा अभिमान का असतो?

माझ्याकडे त्याच पिढीची सिटी व्हीटेक आहे, एमएच-१५ म्हणजे नाशिक पासिंगची. तेव्हा मी तुमच्या भावाच्या बाजूने बोलणार हे आधीच धरून चाला.

"हा सगळा शो-ऑफ आहे का?" असं तुम्ही विचारलंय. काहींचा असतोच. संध्याकाळी कॉलेज रोडला सायलेन्सर फाडून त्याच त्याच रस्त्यावर चकरा मारणारी पोरं आम्हालाही नकोशी होतात. पण ज्याला खरंच वेड आहे, त्याचा पैसा तुम्हाला दिसणारच नाही. तो इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, रेडिएटरचे होज आणि ब्रेक डिस्कमध्ये गेलेला असतो. एवढं करून गाडी बाहेरून होती तशीच दिसते आणि सोसायटीतले काका विचारतात, "अजून विकली नाही का ही?" पण मालकाला स्टेअरिंग हातात घेतल्या घेतल्या कळतं की पुढून येणारी खडखड गेलीय. त्याचा अभिमान तिथे असतो, काकांना दिसो न दिसो.

आता जपानीच का? सिटी आपल्याकडे १९९८ मध्ये आली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून. पुढे आलेली १.५ लिटरची व्हीटेक १०६ हॉर्सपॉवरची आणि वजनाला हलकी. त्या काळी घरातली गाडी एवढी पळते हेच नवल होतं. व्हीटेक म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह गरजेप्रमाणे कमी-जास्त उघडायची होंडाची युक्ती. होंडाने ती पहिल्यांदा १९८९ मध्ये जपानमधल्या इंटेग्रा गाडीत दिली. टर्बो नसताना १.६ लिटरमधून १६० हॉर्सपॉवर. आपल्या सिटीत तिचं साधं रूप, एका कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा), पण तत्त्व तेच. कॅमशाफ्टवर कमी उंचीचे आणि जास्त उंचीचे असे वेगळे लोब, म्हणजे उंचवटे, असतात. इंजिन निवांत फिरत असतं तेव्हा व्हॉल्व्ह कमी उंचीच्या लोबवर चालतात, म्हणून गावात अ‍ॅव्हरेज बरं मिळतं. आरपीएम वर गेला की ऑइलच्या दाबाने आतली पिन सरकते, रॉकर आर्म (लोब आणि व्हॉल्व्हमधल्या तरफा) एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह मोठ्या लोबचं ऐकायला लागतात. म्हणजे जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. मुंबईहून येताना कसारा घाट तिसऱ्या गिअरवर चढताना आवाज बदलतो तो यामुळे. मागे बसलेल्या बायकोला तो गोंगाट वाटतो, तो भाग वेगळा.

इंटरनेटवर दिसणाऱ्या निसान स्कायलाइन आणि टोयोटा सुप्रा या वेगवान गाड्या इथे कुणी सहज आणू शकत नाही. बाहेरची वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ड्युटी गाडीच्या किमतीच्या वर जाते. त्यामुळे आपल्या जपानी गाड्या म्हणजे सिटी, लान्सर, एस्टीम, जिप्सी, बलेनो (आजची हॅचबॅक नव्हे, १९९९ ची १.६ लिटरची सेडान) आणि नंतरची सिव्हिक. यातल्या बऱ्याच बंद होऊन जमाना झाला. शोरूमला पार्ट विचारलात तर समोरचा आधी कॉम्प्युटरकडे आणि मग तुमच्याकडे बघतो. म्हणून या मंडळींत खरा मान असतो तो कुठल्या गाडीचं काय कुठे बसतं हे माहीत असणाऱ्याला. एस्टीम आणि नंतरची जिप्सी यांचं १.३ चं इंजिन एकाच घराण्यातलं. ऑफरोडवाले जिप्सीत बलेनोचं इंजिन बसवतात. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळीचा नंबर लागेपर्यंत चार-पाच बॉनेट उघडी असतात आणि सगळी चर्चा हीच. मागे एकाने लान्सरची हेडलाइट कुठल्या तरी बंद पडत आलेल्या दुकानातून मिळवली, खोक्यासकट. तिच्यापुढे दुसऱ्याच्या नव्या अलॉय व्हील्सकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या गाडीचं टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) नाशिकच्या द्वारकेकडचे एक चाचा करतात. या होंडांमध्ये व्हॉल्व्हची फट हाताने सेट करावी लागते, तीही थंड इंजिनावर. गाडी चालवत नेली तर चाचा हात लावत नाहीत, "चहा पिऊन या" म्हणतात, आणि तो चहा दुपारपर्यंत चालतो. मग व्हॉल्व्ह कव्हर उघडून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पाती आत घालतात. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला साधारण ०.२० मिलिमीटर, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला थोडी जास्त. पाती सुळकन गेली तर फट जास्त, गेलीच नाही तर कमी. किंचित धरत, पण न अडकता सरकली पाहिजे. सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह झाले की एकदा मला पाती ओढून बघायला लावतात. हे काम पाहिलं की स्पॉयलरवर पैसे घालायची इच्छाच होत नाही.

भावाला कायद्याचंही सांगून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद हवी, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी. फ्री-फ्लो (मोठा आवाज करणाऱ्या) सायलेन्सरच्या भानगडीत पडूच नये, पोलीस आवाजावरूनच बाजूला घेतात. शिवाय या गाडीची पंधरा वर्षं कधीच झालीत. दर पाच वर्षांनी री-पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) आणि ग्रीन टॅक्स आला, आणि तिथे इन्स्पेक्टर बॉनेट उघडायला सांगतो.

लाखाचं म्हणाल तर माझ्या मते तो आधी सस्पेन्शन, ब्रेक, टायर आणि इंजिनाच्या कूलिंगवर जावा. उरले तर डेंटिंग-पेंटिंग. म्युझिक सिस्टीम सगळ्यात शेवटी, आणि ही गोष्ट कुणीच ऐकत नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा ती आधी कुठे राहिली ते विचारा. नाशिकची कोरडी हवा पत्र्याला मानवते, मुंबईत समुद्राजवळ उभी असलेली गाडी रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. मागच्या चाकांवरचा पत्रा आणि डिकीतली स्टेपनीची जागा बोटाने दाबून बघा, तिथे फुगलेला रंग म्हणजे आत गंज. चासी नंबर आरसीशी जुळवा. आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकून हेड उतरवायची वेळ येऊ शकते. पावती नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून तेवढी किंमत पाडून घ्या.